घट्ट काम

डावरे मिस्त्रींचं खरं नाव मतदार यादीत होतं आणि तिथंही ते चुकीचं छापलेलं होतं. हातोडा डाव्या हातात धरायचे म्हणून डावरे. पासष्टी उलटली तरी शिडीवर चढताना कुणाचा हात धरत नसत, आणि दुसऱ्या गवंड्याच्या कामाला नावं ठेवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. कुणाच्या दारावरून जाताना मध्येच थांबायचे, मान वाकडी करून भिंतीकडे बघायचे आणि घरमालकाने विचारायच्या आत सांगून टाकायचे, की अमक्या कोपऱ्यात काय चुकलंय. त्यातून ते बहुतेक वेळा बरोबर असायचे. अशा माणसाचा राग येतो, पण भिंतीला भेग पडली की त्याच्याच दारात जावं लागतं.

भेगा तर तिथे घरोघरी होत्या. सगळी वस्ती चिकणमातीवर उभी. ही माती उन्हाळ्यात आकसते, अंगणात कोपरापर्यंत हात जाईल अशा चिरा पडतात. पाऊस लागला की पाणी पिऊन फुगते आणि वरच्या घराला बोटभर उचलून धरते. लाकडी खोपट असेल तर ते कुरकुरत का होईना, मातीबरोबर वरखाली होतं. दगडी घराला ते जमत नाही. दोन फूट जाडीची भिंत कुठेतरी उकलते, बहुतेक खिडकीच्या कोपऱ्यातून, आणि पायऱ्या उतरत जावं तशी भेग खाली जाते. माणसाचा स्वभाव असा, की भेग दिसली की ती आजच्या आज बुजली पाहिजे. उन्हाळ्यात ती सगळ्यात रुंद असते, म्हणून गवंड्याला बोलावणं येतं तेही उन्हाळ्यातच.

आणि तिथेच घोडं पेंड खातं, असं डावरे मिस्त्री सांगायचे. उन्हाळ्यात रुंदावलेली भेग पावसाळ्यात आपणहून मिटायला बघते. तिच्यात तुम्ही सिमेंट नाहीतर दगड कोंबून ठेवलाय, मग ती मिटणार कशी? भिंत बाहेरच्या अंगाला सरकते. पुढच्या उन्हाळ्यात शेजारी नवी भेग, तीही कुणीतरी बुजवतो, पावसात भिंत आणखी सरकते. असं करत करत घर दर वर्षी थोडं लांब होत जातं, आणि एक दिवस कोपरा अंगणात उतरतो. त्यावर त्यांचा उपाय साधा होता. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकायचा, महिन्याच्या महिन्याला दोन खिळ्यांमधलं अंतर मोजून भिंतीवरच पेन्सिलीने लिहायचं, आणि वर्षभर भेगेला हात लावायचा नाही. मग पाणी कुठून मुरतंय ते शोधून बंद करायचं, आणि माती फार सुकी नाही, फार ओली नाही अशा दिवसांत मऊ चुन्याने भेग भरायची. हे वर्षभर थांबणं लोकांच्या जिवावर यायचं. एकजण म्हणाला होता, मिस्त्री, आमच्याकडे आग लागली तर तीही तुम्ही आधी वर्षभर मोजाल. मिस्त्री हसले नाहीत. पण त्यांनी वाचवलेली वीस-बावीस घरं वस्तीत उभी होती, आणि त्या हसणाऱ्यानेही शेवटी खिळे ठोकून घेतले.

ही अक्कल त्यांना जन्मजात नव्हती, पंचावन्नाच्या पुढे आली. त्याआधी त्यांचं नाव होतं ते निराळ्याच गोष्टीसाठी. भिंतीतल्या दोन मोठ्या दगडांमधल्या फटीत दगडाचे छोटे तुकडे ठोकून बसवतात, त्यांना चिपा म्हणतात. डावरे आपल्या चिपा स्वतः घडवायचे आणि अशा ठोकायचे, की सुरीचं पातं आत शिरत नसे. 'डावऱ्यांचं घट्ट काम' असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकलं की त्यांची छाती दोन इंच फुगायची.

तेव्हा ते एकटे नव्हते. दगडी भिंतीला दोन तोंडं असतात, एक घरातलं आणि एक बाहेरचं, आणि मध्ये भर. एक गवंडी आतून लावत येतो, एक बाहेरून. डावरे आतून लावायचे आणि बाहेरून त्यांचा जोडीदार. कोपऱ्यावर दोघं शेजारी आले की एकाचा डावा चाले आणि एकाचा उजवा, त्यामुळे हाताला हात लागत नसे. म्हणून त्या दुसऱ्याला लोक उजवे म्हणायला लागले. खरं बघितलं तर जगात दहातले नऊ जण उजवेच असतात, एकट्या माणसाला तसं म्हणण्यात काही अर्थ नाही. पण जोडी फुटली तरी त्यांचं नाव तेच राहिलं.

जोडी फुटली ती डावऱ्यांच्या ताईच्या घरावरून. घर दोघांनीच बांधलेलं, भर तिशीत, मोठ्या हौसेने. वीसेक वर्षं ते नीट उभं होतं. मग एका उन्हाळ्यात मागच्या खोलीत, खिडकीखाली, भेग पडली. त्याच खोलीत दाजी, म्हणजे ताईचे यजमान, अंथरुणाला खिळलेले होते. दिवसभर त्यांच्या डोळ्यांसमोर ती भेग. माणूस विनोदी होता. म्हणायचे, बुजव रे ती, नाहीतर एक दिवस मी तिच्यातूनच निघून जाईन. ताईला तो विनोद सोसवेना. ती डावऱ्यांना म्हणाली, काहीही कर, पण हे त्यांना दिसता कामा नये.

उजवे म्हणाले, पाऊस येऊन जाऊ दे. का, ते त्यांना धड सांगता येईना. नुसतं म्हणत राहिले, की आत्ता भरणं मला बरं वाटत नाही. डावऱ्यांनी ताईचा शब्द मोडला नाही. चार दिवस एकट्याने आतून काम केलं, भेगेत हातभर खोल चिपा ठोकल्या, वर सिमेंट, वर गिलावा, वर रंग. भेग होती असं सांगूनही कुणाला पटलं नसतं. दाजी अडीच महिन्यांनी गेले, ते त्या सपाट भिंतीकडे बघत.

पावसाळ्यात बाहेरून पाणी आत यायला लागलं. डावरे दुसऱ्या कामावर लांब होते, म्हणून ताईने उजव्यांना बोलावलं, आणि त्यांनी बाहेरच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्याने भरून दिल्या. वर्षभरात कोपरा बाहेर कलला आणि त्या दर्जांमधला चुना पापुद्र्यांनी गळायला लागला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचा तो गळणारा चुना. चौकातल्या चहाच्या दुकानात कुणीतरी डावऱ्यांना विचारलं, मिस्त्री, तुमच्या बहिणीच्या घराचं असं कसं झालं? डावरे बशीत फुंकर मारत म्हणाले, "शेवटचा हात कुणाचा लागला, त्याला विचारा."

वाक्य एवढंच. पण भिंतीच्या बाबतीत डावऱ्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्या वर्षी उजव्यांची हातातली दोन घरं गेली, पुढच्या वर्षी कुणी विचारेना. मग ते अंगणात फरशा बसवायला लागले, बागेच्या कडा बांधायला लागले. ताईनेही त्यांच्या घराशी संबंध तोडला. उजव्यांची बायको तिची जिवाभावाची मैत्रीण होती, दोघी दुपारी एका पायरीवर शिवण घेऊन बसायच्या. ते बसणं बंद झालं. सहा वर्षांपूर्वी ती आजारी पडली आणि गेली. ताई भेटायलाही गेली नाही.

या सगळ्याला चौदा वर्षं झाली होती. मधल्या काळात डावऱ्यांना मातीचं ते फुगणं-आकसणं उमगलं, त्यांनी ते साऱ्या वस्तीला शिकवलं, कुणाकुणाच्या भिंतीत उन्हाळ्यात काय कोंबलं गेलंय ते शोधून काढलं. एका घराकडे मात्र त्यांनी त्या नजरेने कधी बघितलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बरं, ते अगदीच अजाणतेपणी होतं असंही नाही. कधी कधी ताईकडे बसलं असताना तो विचार दाराशी यायचा. डावरे त्याला आत घेत नसत.

आता कोपरा चार बोटं बाहेर आला होता. ताईचा मुलगा लांबच्या शहरात राहत होता. तो म्हणत होता, पाडून टाका आणि तू माझ्याकडे ये. ताई म्हणत होती, माझा भाऊ जिवंत आहे तोवर मी हे घर सोडणार नाही. डावऱ्यांनी रीतसर खिळे ठोकले, वर्षभर मोजलं. उन्हाळ्यात बारा सूत, म्हणजे दीड इंच, भर पावसात अकरा. इतर घरी बाराचे चार व्हायचे. आत काहीतरी अडलंय हे उघड होतं, आणि ते ताईला म्हणालेही, की कुणीतरी आत पाचर मारून ठेवलीय. कुणी, तर उजव्यांनी, हे दोघांनीही मनात धरलेलंच होतं.

पाऊस संपला, ओल उतरायला लागली, तेव्हा त्यांनी छताला टेकू दिले, कोपऱ्यातल्या एकेका दगडावर खडूने आकडे घातले आणि बाहेरच्या तोंडाने भिंत उतरवायला घेतली. पहिल्याच दिवशी एक गोष्ट त्यांना खटकली. उजव्यांचा चुना जिथे शिल्लक होता तिथे तो उत्तम होता. मऊ, चिवट, दगडाला धरून राहिलेला. जिथे गळला होता तिथे मागचे दगडच सरकले होते. चुना बिचारा काय करणार?

दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत आत गेला आणि बोटांना सिमेंट लागलं. सिमेंट फोडलं तर आत चिपा. एकीशेजारी एक, शिस्तीत बसलेल्या, चौदा वर्षांनीही हलवून हलत नव्हत्या. सुतकी, म्हणजे गवंड्याचा हातोडा, मारून मारून त्यांनी एक चीप सुटी केली, विजारीला पुसली आणि उजेडात धरली. उजव्या हाताने हातोडा मारणाऱ्याच्या छिन्नीच्या रेघा दगडावर एका अंगाला कलतात, डावऱ्याच्या दुसऱ्या अंगाला. हे ओळखायला गवंडी असावं लागतं, आणि त्या वस्तीत डावरा गवंडी एकच होता. रेघा फार सुबक होत्या.

ते पालथ्या घमेल्यावर बसले. चीप मांडीवर होती. ती घडवली तो दिवस त्यांना आठवला. दाजी आतून विचारत होते, की झालं का रे, आणि ते म्हणाले होते, झालंच. तेवढ्यात ताई चहा घेऊन आली आणि म्हणाली, सापडलं का काही? डावऱ्यांनी मांडीवरची चीप मुठीत घेतली.

"जुना माल आहे," ते म्हणाले. "काढून टाकतो."

खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं. दुपारपर्यंत तेवीस चिपा निघाल्या. त्यांनी त्या गोणपाटाखाली झाकून ठेवल्या. मनात एक हिशेब चालू होता आणि तो ऐकायला बरा वाटत होता: हे कुणालाच माहीत नाही. ताई आपल्या शब्दावर निवांत झोपते. वीस-बावीस घरांतली माणसं आपल्या शब्दावर वर्षभर थांबतात. तो शब्द आज गेला तर उद्या लोक खिळे उपटून सिमेंट भरायला घेतील, आणि नुकसान त्यांचंच. आता चौदा वर्षांनी उकरून कुणाचं भलं व्हायचंय? कोपऱ्याचा पाया मोकळा केलेला होताच, त्यात दगडाची भर टाकायची होतीच. त्यांनी तीन चिपा खाली टाकल्या. वर उभे राहून थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग गुडघे टेकून खड्ड्यात उतरले आणि तीनही उचलून परत आणल्या.

घरी जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने ताटातलं संपवलं. मग म्हणाली, की हे मला सांगून काय उपयोग. त्यांनी विचारलं, मग कुणाला सांगू? ती म्हणाली, तुम्ही विचारताय म्हणजे तुम्हाला माहीत आहे.

सकाळी ते ताईकडे गेले, कामाचे कपडे न घालता. ताई स्वयंपाकघरात होती. त्यांनी चीप ओट्यावर ठेवली.

"ही मी ठोकलेली आहे, ताई. दाजींच्या वेळी. कोपरा हिने ढकललाय. त्याचा चुना चांगला होता."

ताईने हात पुसले, चीप उचलली, ठेवली. पुन्हा उचलली. बहात्तर वर्षांची बाई, तिला छिन्नीच्या रेघांतलं काही कळत नव्हतं. पण भावाचा चेहरा ती तो पाळण्यात असल्यापासून वाचत आली होती.

"त्यांना शेवटचे अडीच महिने झोप लागली ती तुझ्यामुळे," ती म्हणाली. "ते मी विसरणार नाही. पण त्याच्या बायकोला नेलं त्या दिवशी मी ही खिडकी लावून घेतली होती. इथून जाताना दिसली असती म्हणून. ती कुणाच्या शब्दावर लावली रे?"

डावऱ्यांना तोंड वर करता येईना. ते म्हणाले, मी आता त्याच्याकडे जातोय, तू येतेस का. ताई म्हणाली, नाही. तू तुझं निस्तर, माझं मी निस्तरेन. आणि तिने त्यांच्याकडे पाठ करून नळ सोडला.

उजवे एका शाळेच्या आवारात पायवाटेचे दगड बसवत होते. बसूनच काम करत होते, दोन्ही गुडघ्यांखाली पोतं दुमडून. डावऱ्यांनी त्यांना रस्त्यात शेकडो वेळा बघितलं होतं, पण तेव्हा दोघंही समोरच्या दुकानाच्या पाट्या वाचत असायचे. आज जवळून बघितल्यावर कळलं, की जोडीदार म्हातारा झाला. डावरे त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि चीप पुढे केली. उजव्यांनी ती हातात घेतली, रेघांवरून अंगठा फिरवला आणि परत दिली.

"माहीत होतं," उजवे म्हणाले. "बाहेरून दर्जा भरताना सुतकी वाजवली. आतून भरीव आवाज आला. भेग अशी वाजत नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"आलो होतो सांगायला. तू दुकानात ते बोललास त्याच्या दुसऱ्या दिवशी. वहिनींनी दार उघडलं, म्हणाल्या, घरात नाहीत." उजव्यांनी पुढचा दगड उचलला, खालची वाळू सारखी केली. "तुझ्या चपला दारात होत्या."

डावऱ्यांना तो दिवस आठवला. ते आतल्या खोलीत भिंतीला टेकून उभे होते आणि बाहेरची पावलं जाण्याची वाट बघत होते. इतकी वर्षं ते स्वतःला सांगत आले होते, की भांडण नको म्हणून आपण बाहेर गेलो नाही. आता पहिल्यांदा त्यांनी ते जसं होतं तसं बघितलं. भांडणाची भीती नव्हती ती. तो काय सांगणार ते त्यांना तेव्हाच माहीत होतं. म्हातारपणी डोळ्यांत पाणी यायला फार वेळ लागत नाही.

"चुकलो मी," ते म्हणाले. "तुझं आयुष्य खाल्लं मी."

"मला कशाला सांगतोस? मला ठाऊकच आहे," उजवे म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि माया तर मुळीच नव्हती. "जिथे बोलला होतास तिथे सांग. मी ऐकायला येणार नाही. मला कळेल."

चहाच्या दुकानात सकाळी दहाला पाय ठेवायला जागा नसते. डावऱ्यांनी मुद्दाम तीच वेळ धरली. त्यांनी चहा मागवला नाही. चीप पुढच्या बाकावर ठेवली आणि उभं राहून सांगितलं, की चौदा वर्षांपूर्वी याच जागी आपण काय बोललो होतो, ते खोटं होतं. ताईच्या घराचा कोपरा आपल्या चिपांनी फोडला. उजव्यांचं काम चोख होतं आणि ते आपल्याला तेव्हाही कळू शकलं असतं. मागच्या बाकावरचा एक बहिरट म्हातारा म्हणाला, काय म्हणतोय हा? कुणी त्याला सांगेना. मग डावऱ्यांनीच सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, जरा मोठ्याने. पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा सांगणं जड गेलं.

एकाने विचारलं, "म्हणजे आमच्या भिंतीतही तुमच्या चिपा असतील?"

"असतील," डावरे म्हणाले. "उघडून बघावं लागेल."

दुसरा एकजण समजूत काढायच्या सुरात म्हणाला, जाऊ द्या हो मिस्त्री, जुनी मढी कशाला उकरायची. त्याच्याकडे त्यांनी अशा नजरेने बघितलं, की त्याने चहात बिस्किट बुडवलं ते बुडालंच. संध्याकाळच्या आत दोन घरांतून निरोप आले, की मिस्त्री, तूर्त आमचं काम राहू द्या. ज्यांनी वर्षभर थांबायचं कबूल केलं होतं त्यातल्या एकाने लगोलग सिमेंटच्या गोण्या आणवल्या. डावऱ्यांनी स्वतःशी मांडलेला हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. लोक तसेच वागले.

आणि उजव्यांना काय मिळालं? नाव मिळालं. चार माणसं आवर्जून घरी गेली, हळहळली, एकाने तर आपल्या घराचं काम देऊ केलं. उजव्यांनी त्याला आपले गुडघे दाखवले. परांचीवर चढता येत नव्हतं, खाली बसलं तर उठताना कुणीतरी लागायचं. घर बांधायचे हात तसेच होते, पण त्यांना वर नेणारे पाय राहिले नव्हते.

तरी तिसऱ्या दिवशी ते ताईच्या अंगणात आले, काठी टेकत, बोलावणं नसताना. उघड्या कोपऱ्यासमोर उभे राहिले आणि पहिलंच वाक्य बोलले ते न्हाणीच्या मोरीबद्दल. मोरीचं पाणी याच कोपऱ्याशी जिरत होतं. एका कोपऱ्याला बारमाही ओल आणि बाकीच्या तिघांना नाही, मग घर तिरकं होणार नाही तर काय. पाणी लांब न्यायचं, भिंतीभोवती बाहेर उतार देऊन फरसबंदी करायची, म्हणजे माती सगळीकडे सारखी राहील. आणि कोपरा पूर्वीसारखा एकसंध करायचा नाही, खिडकीखाली उभा सांधा ठेवायचा, नुसत्या चुन्याचा. हलायचं तर तिथे हलू दे. डावऱ्यांनी ऐकून घेतलं. यातलं निम्मं त्यांनाही माहीत होतं, पण ते तसं म्हणाले नाहीत.

ताईने आतून खुर्ची आणली. खुर्ची ठेवली तरी ती आत जाईना.

"मी आले नाही तेव्हा," ती म्हणाली.

उजव्यांनी काठी खुर्चीला टेकवली. "शेवटी शेवटी विचारायची," ते म्हणाले. "दार वाजलं की म्हणायची, ती आली का बघा."

ताई पायरीवर बसली. ती रडली, आवाज न करता, पदर तोंडाला लावून. मग तिने विचारलं, की काय झालं होतं तिला, नीट सांगा. उजव्यांनी सांगायला सुरुवात केली. डावरे उठून पाणी मारायच्या निमित्ताने घराच्या दुसऱ्या बाजूला गेले.

काम सव्वा महिना चाललं. उजवे खुर्चीवर बसायचे, डावरे वर. लोक बघायला यायचे, काही नुसतेच, काही तोंड लपवून हसायला. जोडी जुळली म्हणावं असं काही दोघांच्या वागण्यात नव्हतं. डबा उघडायचे ते आपापल्या जागी. बोलणं व्हायचं ते दगडाचं, चुन्याचं, पाण्याचं.

कोपरा कमरेइतका आला तेव्हा ताईचा मुलगा शहरातून आला. नव्या बांधकामाभोवती दोन फेऱ्या मारल्या, मोरीची नवी नळी बघितली, उभ्या सांध्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, हे असं मोकळं का सोडलंय? मग वर बघून म्हणाला, "मामा, तुम्हीच सांगा, हे किती वर्षं टिकेल? आईला इथे ठेवायचं का नाही, ते मला आज ठरवायचंय."

चाळीस वर्षं हा प्रश्न डावऱ्यांना विचारला गेला होता आणि त्यांनी दर वेळी छाती पुढे काढून आकडा सांगितला होता. त्यांनी थापी दगडावर ठेवली.

"मला नको विचारूस," ते म्हणाले. "मिस्त्री ते आहेत. मी त्यांच्या हाताखाली आहे."

अंगणात दोघं-तिघं उभे होते, त्यांनी ते ऐकलं. भाचा गोंधळून खुर्चीकडे वळला. उजवे कोपऱ्याकडे बघत होते, एक डोळा बारीक करून.

"तिसऱ्या थरातला कडेचा दगड काढ," ते डावऱ्यांना म्हणाले. "बाहेर आलाय."

डावऱ्यांना तो बाहेर आल्यासारखा वाटत नव्हता. भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा हाताशीच लटकत होता. त्यांनी तो लावून बघितला नाही. वरचे दोन थर उतरवले आणि दगड काढला.